पिस्ता की अंगुरी

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८१

बन्सी रंगाऱ्याने यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर दोन पट्टे ओढले. डावा पिस्ता, उजवा अंगुरी. म्हणतो, "काकू, लई बारीक बघता तुम्ही. दोन्ही हिरवेच की." हिरवे आहेत ते मलाही दिसतं! प्रश्न तो नाही.

यांना अर्धांगवायू होऊन पाच महिने झाले. बोलता येईल असं डॉक्टर सांगतात, पण हे बोलत नाहीत. परवापासून जेवणही सोडलं. पडल्या पडल्या पोपडे आलेली ती भिंत बघतात, बस्स. डॉक्टर म्हणाले, "बाई, औषध आमच्याकडं आहे, जगायची इच्छा नाही." म्हणून रंग. दुसरं काही सुचत नाही.

शुक्रवार, १३

यांना म्हटलं — पिस्ता आवडला असेल तर डोळे मिटा. मिटले. मग अंगुरी विचारला. तेव्हाही मिटले.

ताक चार चमचे. दोन बाहेर.

शनिवार, १४

कालिंदी सासरहून, फुलंब्रीहून आली. "आई, बाबा निघालेत आणि तू रंग काय बघत बसलीस?" पोटची लेक, पण असं बोलायला जीभ कशी उचलते. तिला समजावलं, पिस्ता दिवा लावल्यावर दवाखान्यासारखा दिसतो, अंगुरी दुपारी कावीळ झाल्यासारखा. ती रडायला लागली. मग मीही.

रविवार, १५

संस्थान गणपतीपुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या. पिस्ता निघाला. घरी येऊन भिंत बघितली — मन मानेना. देवाला विचारायचं आणि वर शंका घ्यायची. माझ्यासारखी पापी मीच.

आज ताकही नाही.

सोमवार, १६

बन्सी ब्रश घेऊन उभा. "काकू, आज सांगा, नायतर मी चाललो पाचोडला. तिथं दुसरं काम हाय." पिस्ता म्हटलं. थांब म्हटलं. अंगुरी म्हटलं. मग यांची खाट धरून ओरडलेच, अहो, काहीतरी सांगा की!

हे बोलले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. "खिडकीकडं फिरव."

खिडकीकडं तोंड केलं की डोकं उत्तरेला जातं. प्रेताचं ठेवतात तसं. म्हणून तर दवाखान्यातून आणल्या दिवशी खाट भिंतीकडं तोंड करून लावली. मीच.

मंगळवार, १७

डोकं उत्तरेला. सकाळी पेज, अर्धी वाटी. बन्सीला जा म्हटलं.