पुढची सीट

विल्बर्न, ओहायो
१६ जानेवारी, शुक्रवार

प्रिय नेडीन,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? इकडे सगळं ठीक. मर्लचा खोकला आहेच, पण औषध घे म्हटलं की नवरोबा गॅरेजमध्ये पळतात. बर्फ इतकं पडलंय की टपालपेटीपर्यंत वाट काढताना माझी कंबर धरली.

तू म्हणशील, वीस मिनिटांवर राहतेस आणि पत्र कसलं लिहितेस? अगं, फोनवर तू नुसतं "हो का गं, हो का गं" करतेस आणि मागे ब्रिन खिदळत असते. माझ्याच सुनेचं हसणं मला तुझ्या फोनवरून ऐकावं लागतं. म्हणून पत्र. तुझं कॅसरोलचं भांडं नाताळपासून इथे पडून होतं, तेही मर्लच्या हाती पाठवतेय.

सेलमधला स्वस्त माल उचलून ऑनलाइन विकायचा तुमचा धंदा जोरात चाललाय म्हणे. रविवारी जेवायला आली होती ब्रिन. मावशी, मावशी, मावशी! "सेलच्या शेल्फवर मावशींनी नुसती नजर टाकली की त्यांना कळतं, ऑनलाइन काय खपणार." माझ्या भाजलेल्या बटाट्यांबद्दल एक शब्द नाही. वर कोल्बी म्हणतो, "आई, मावशीकडून शीक जरा." पोटचा पोरगा माझा! मी हसले. बशी जरा जोरात ठेवली असेन.

आणि मागच्या शनिवारी मी तुम्हाला दुकानात पाहिलं. पाळत नव्हते ठेवत हं, मला खरंच बर्फाचं फावडं हवं होतं. ती सेलच्या पिवळ्या स्टिकरच्या खोक्यांवर फोन धरून ऑनलाइन भाव काढायची, तू तो वाचून मान हलवायचीस, की दोघी पुढे. मी आपली फावड्यांच्या मागे. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, फावड्यांच्या मागे! मग बाहेर येऊन तुम्ही गाडीत बसलात. ब्रिन पुढच्या सीटवर बसली. तू थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिला दिलीस.

ते झाकण माझं आहे, नेडीन. आणि ती सीटसुद्धा. बाबांच्या ट्रकपासून पुढची सीट थोरलीची.

धंद्यात येतेस का, असं आधी तुलाच विचारलं होतं, म्हणशील. हो, विचारलंस. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, सगळ्यांदेखत, किती हौसेनं. मी म्हटलं, "ऐका हो, आमची नेडीन आता दुकानांचा कचरा विकते!" सगळे हसले, म्हणून आणखी दोनदा म्हटलं. तू गुमान ग्रेव्ही वाढत राहिलीस. तेवढ्यात ब्रिन म्हणाली, "मी येते, मावशी." झालं. एवढ्यावरून कुणी बहिणीची सीट देऊन टाकतं का?

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मीही धंदा सुरू केला. एकटीनं. तुझं नाक कापायला.

आपण शाळेत असताना लावायचो तो हिरव्या सफरचंदाचा शाम्पू आठवतो? कंपनीनं तो बंद केलाय. पलीकडच्या गावातल्या दुकानानं उरलेला माल मातीमोल भावात काढला होता. मी फोन धरून बघितलं, तर ऑनलाइन बायका त्याच्यासाठी वाट्टेल ते द्यायला तयार! म्हटलं, आता बघ म्हणावं नेडीनला. अख्खं शेल्फ रिकामं केलं. गाडी भरताना मर्ल म्हणतो, "लॉरेटा, आपल्या दोघांच्या डोक्यांवर मिळून केस किती?" मी त्याला गप्प बसवलं.

पहिली बाटली लगेच गेली, ॲरिझोनातल्या एका बाईला. मी स्वयंपाकघरात नाचले गं. आणि मग तिचा निरोप आला: "बाकीच्या पाच कुठे आहेत?"

तो भाव सहा बाटल्यांच्या पॅकचा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. चष्मा पर्समध्येच होता, पण कुणी ओळखीचं बघेल या भीतीनं मी नुसती घाई केली. आणखी चौघींनी तक्रार केली. सगळ्यांचे पैसे परत केले, तरी वेबसाइटनं माझं विक्रीचं खातं बंदच करून टाकलं. आता सहा-सहा बांधूनही विकता येत नाहीत. गॅरेज भरलंय. मर्ल खोकतोसुद्धा सफरचंदाच्या वासात.

ब्रिनला सांगू नकोस. ती तर आधी तुलाच विचारते ना, "मावशी, हा एकाचा भाव की सहांचा?" तू सांगतेस. मला विचारायला शेजारी कुणी नव्हतं. जळते मी तिच्यावर, बाई. पोरीनं माझं काही वाईट केलेलं नाही, तरी जळते.

भांडं कधी रिकामं परत करू नये, आई म्हणायची. म्हणून आत दोन बाटल्या ठेवल्यात. विकून दे म्हणत नाही. वास घेऊन बघ फक्त.

उद्या शनिवार, तुमची दुकानांची फेरी माझ्या दारावरूनच जाते. मी टपालपेटीपाशी उभी असेन. थांबायचं नसेल तर सरळ पुढे जा. मी बर्फ काढतेय असंच दाखवीन, नवं फावडं आहेच. थांबलीस, तर ब्रिनला पुढच्या सीटवरून उठवू नकोस. मी मागे बसेन.

झाकण मात्र माझ्याकडे मागे दे.

तुझी थोरली,
लॉरेटा