ओवाळलेले ससे

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

पनवेल,
ता. २८ ऑक्टोबर २०१२

चि. मनस्वी हिस आजी भामाचे डोक्यावर हात ठेवून अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळी खुशाली हाय. तुझी खुशाली पोटभर लिव.

तुझ्या बापाने, परेशने, आज मला कागद-पेन आणून दिलं न् म्हणाला, आई, ती तुझंच ऐकते, तू लिव. फोनवर तोच माझ्या बोलण्यात बोलत बसतो, म्हणून मला पत्रच बरं. म्हातारपणी प्रौढ वर्गात जाऊन पाटी घासली ती काय उगाच? तुझी आई शोभा मागून डोकावून माझी अक्षरं मोजते न् हसते. हसू दे. तिच्या करंज्या फुटतात तेव्हा मी हसते.

ससे मजेत हायत. तू त्या तपासणीच्या कंपनीत लागलीस, परेश तुला पुण्याला सोडायला गेला, न् तिथल्या साहेबाकडून सशांचं काम घेऊन आला. आता मागचं परस भरलंय. पांढरेशुभ्र, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. मुळ्याचा पाला आवडतो, कोबी टाकला की नाक फिरवतात. एक दांडगी मादी हाय, ती माझा पदर ओढते. मी तिला मालू म्हणते. आपली शेजारीण मालू पण अशीच ओढते, तिला सांगू नको.

आता मूळ गोष्ट. परेश म्हणतो, पोरगी साहेबाशी अडून बसलीय, तिच्यापायी माझं काम जाईल, तिला समजाव. समजावते ना! पण काय समजावू? ससे तिकडे नेऊन तुमी काय करता विचारलं तर म्हणतो, तपासतात. सशाला काय तपासायचं ग? ताप येतो? तू सरळ लिव. मी काय काचेची नाय.

जेवत जा. माया हाय ती वाढव, कमी करू नको.

तुझी आजी

---

पुणे,
ता. ३ नोव्हेंबर २०१२

ती. आजीस मनस्वीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या रूममधल्या मुलींना वाचून दाखवलं. मालूवर सगळ्या फिदा आहेत. आता तू विचारलंस म्हणून सांगते, पाणी पिऊन वाच.

आमच्याकडे कंपन्या त्यांची रसायनं पाठवतात, माणसाला किती अपायकारक आहेत ते बघायला. आता एक फरशी-बाथरूम धुवायचं नवं लिक्विड आलंय. सशाला पेटीत बसवायचं, मान अडकवायची, फक्त डोकं बाहेर. मग एका डोळ्याची खालची पापणी ओढून त्यात ते घालायचं. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच. मग रोज बघून लिहायचं, किती लाल झाला, किती सुजला, बुबुळ पांढरं पडलं का. ससा गरीब, ओरडत नाही, डोळा मोठा, म्हणून ससा.

मी साहेबांना म्हटलं, हे लिक्विड किती तीव्र आहे ते साध्या चाचणीत आधीच दिसतंय. तरी डोळ्यावर बघायचंच असेल तर खाण्यासाठी कापलेल्या कोंबड्यांचे डोळे घेऊन बघता येतं, बाहेरच्या देशांत ती पद्धत मान्य आहे, मी शिकून घेते. ते म्हणाले, मॅडम, गिऱ्हाइकाला ससा हवाय आणि तुम्हाला पगार हवाय. दिवाळीनंतर ससे येतील, पहिला ससा तुम्ही धरायचा. नाहीतर राजीनामा लिहा.

ससे आपल्याच घरून येणार आहेत, आजी. बाबांनी शेड किती हौसेनं बांधली ते मला माहीत आहे. त्यांना कसं सांगू? दिवाळीला सुट्टी नाही. तू काय म्हणशील ते लिही, ओरडलीस तरी चालेल.

बाबा-आईंना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी मनू

---

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

पनवेल,
ता. ११ नोव्हेंबर २०१२

चि. मनू हिस आजीचे आशीर्वाद, न् एक पाठीवर थाप. वि. वि.

बाय माझे! शहाणी ती! पत्र वाचलं न् आधी नाचावंसं वाटलं, पण गुडघा नाय म्हणाला. मग शोभाच्या न्हाणीघरातली बाटली आणली न् तिला वाचायला लावली. वर डोळ्याचं चित्र, लिवलंय डोळ्यात जाऊ देऊ नये. म्हणजे डोळ्याचं वाटोळं होतं हे ठाऊक हाय ना यांना? मग नवी बाटली निघाली की पुन्हा सशाला कशाला विचारता? बाटलीचा रंग बदलला म्हणून डोळा काय दगडाचा होतो?

परेश म्हणाला, आई, आपण आगरी माणसं, बोकड सोडत नाय, जिताडा मासा सोडत नाय, न् सशाचा पुळका? मी म्हटलं, हो, खाते. या हातानं कोंबड्या कापल्यात. एक घाव न् संपलं. कोंबडीला अडकवून, तिचा एक डोळा भाजून, रोज जाऊन बघत नाय बसले मी, आता कशी दिसते म्हणून. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा साधं औषध टाकलं तर मी नर्सला काय काय बोलले ते तूच ऐकलंस. मला तोंड होतं. सशाला तोंड असून काय उपयोग?

तर तो पाय आपटत बाहेर गेला. मी पण मुकाट नाय बसले. काल वसुबारस. आपल्या घराची रीत तुला ठाऊक हाय, वसुबारसेला ज्या जनावराला ओवाळलं ते घरचं झालं, त्याला विकायचं नाय. तुझे आजोबा काशिराम एकदा बैलाचा सौदा करून आले, तर सासूबाईंनी सकाळी उठून बैलाला ओवाळलं. व्यापारी दारातून रिकामा गेला, आजोबा महिनाभर फुगून.

आता आपल्याकडे गाय कुठं? मी ताट घेतलं, निरांजन लावलं न् परसात गेले. एकेकाला कुंकू लावलं. पांढऱ्या कपाळावर काय खुलतं म्हणून सांगू! एकाने झेंडू खाल्ला, एकाने अक्षता. मालूने ताटात पाय घातला. परेश मशेरी लावता लावता मागे आला न् तसाच उभा, तोंडातून फेस. म्हणाला, आई, हे काय केलंस? मी म्हटलं, सण केला.

आता तू घाबरू नको. बापाला मी बघते, साहेबाला तू बघ. आजीची आठवण आली की ताठ बस, तेच मला पोचतं.

तुझी आजी

---

पनवेल,
ता. १६ नोव्हेंबर २०१२

चि. मनस्वीस अ. उ. आ.

दिवाळी झाली. तुझ्या आजीने काय केलं ते तुला कळलंच असेल, तिने कौतुकाने लिहिलं असणार. सगळ्या सशांच्या कपाळावर कुंकू आहे, पुसलं तरी निघत नाही. गाववाले येऊन बघून जातात आणि मला विचारतात, परेशशेठ, बारसं कधी?

मी साहेबांना शब्द दिलाय. अय्यूबभाईचा टेम्पो तेवीस तारखेला ठरलाय, तुमच्या लॅबचा माणूस न्यायला येतो आहे. मला या चाचण्यांतलं काही कळत नाही. मला एवढं कळतं की तुझ्या नोकरीच्या ओळखीने हे काम मिळालं आणि तुझ्याच हट्टाने जातंय. तू आजीला लिही की ससे देऊन टाक. तू म्हटलंस तर ती ऐकेल. मी रीत मोडू शकत नाही, हे तिला माहीत आहे, म्हणूनच माझं डोकं फिरतं.

तब्येत सांभाळ. रागावलो असलो तरी बाप आहे, हे ध्यानात असू दे.

परेश

---

पुणे,
ता. २० नोव्हेंबर २०१२

ती. बाबांस व ती. आजीस सा. न. वि. वि.

एकच पत्र दोघांना लिहिते, म्हणजे कोणी कोणाला वाचून दाखवताना गाळणार नाही.

बाबा, मी आजीला तसं लिहिणार नाही. काल साहेबांनी मला सशांच्या खोलीत उभं केलं आणि आधीचा उरलेला एक ससा पेटीत बसवला. ड्रॉपर माझ्या हातात दिला. मी तो ट्रेमध्ये परत ठेवला. त्यांनी पुन्हा दिला, मी पुन्हा ठेवला. मग मी सशाची मान मोकळी केली आणि त्याला पिंजऱ्यात नेऊन सोडलं. सगळे बघत होते. राजीनामा मागितला, तर मी म्हटलं, मी देणार नाही, मी काम करायला तयार आहे, हे काम नाही. काढायचं तर तुम्ही काढा आणि कारण लिहून द्या. तेव्हापासून मला काचसामान धुवायला बसवलंय. एक सीनिअर मुलगी बाजूला येऊन हळूच म्हणाली, कोंबडीच्या डोळ्यांची पद्धत मलाही दाखव.

आणि बाबा, नोंदणी नसलेल्या घरून ससे घेणंच नियमात बसत नाही. साहेबांनी तुम्हाला कागद नंतर करू म्हटलं ना? पकडलं गेलं तर नाव तुमचं पुढे येईल. रागवा, पण हेही बघा.

दोघांनी एकमेकांशी बोला. माझ्यावरची माया वाटून घ्या, पण भांडू नका.

तुमची मनू

---

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

पनवेल,
ता. २५ नोव्हेंबर २०१२

चि. मनू हिस आजीचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

ड्रॉपर परत ठेवलास ते मी तीनदा वाचलं, न् मग शेजारच्या गुलशनच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाभी, माशाल्ला, पोरगी आपल्यावर गेली. आपल्यावर म्हणजे तिच्यावर न् माझ्यावर!

परवा माणूस आला. बूट घालून परसात. गुलशनचा नवरा अय्यूब टेम्पो घेऊन बाहेर. माणसाने सशांची कपाळं बघितली न् विचारलं, हे काय, रोग हाय का? मी म्हटलं, सण हाय. मी जाळीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेली. तो म्हणाला, आजी, बाजूला व्हा, वेळ जातोय. मी म्हटलं, माझा नाय जात. तो म्हणाला, हे ससे ठेवून काय करणार, म्हातारे होऊन मरतील. मी म्हटलं, मी पण म्हातारी होऊन मरणार हाय, मला नेतोस का?

मग म्हणाला, तुमी नाय दिले तर दुसरीकडून आणू, फरक काय? मी म्हटलं, आणा बाबा, तिथं पण कोणी खुर्ची टाकून बसलं तर कुठून आणशील? माझ्या अंगणातून नाय न् माझ्या नातीच्या हातानं नाय.

त्याने माझ्या डोक्यावरून कडीला हात घातला. तेव्हा परेशने त्याचा हात धरला. माझा नाय, त्याचा. म्हणाला, ओवाळलेत हो, आमच्यात चालत नाय, न् आधी नोंदणीचा कागद दाखवा. माणूस अय्यूबला म्हणाला, तू भर रे. अय्यूबने टेम्पोची चावी खिशात टाकली न् म्हणाला, भाभींच्या घरचं जनावर भाभींनी हो म्हटल्याशिवाय माझ्या गाडीत चढत नाय. मग तो लॅबचा माणूस रिक्षाने स्टँडवर गेला.

परेश माझ्याशी अजून नीट बोलत नाय. काम गेलं त्याचं, राग येणारच, येऊ दे. पण काल मुळ्याचा पाला त्यानेच आणला न् टाकताना सशांना शिव्या दिल्या. ससे खात होते.

आता तुझं. तू काच धुतेस ते बरं, हात स्वच्छ राहतात. त्यांनी काढलं तर कारण लिवून घे न् घरी ये, इथं दार उघडं हाय. नाय काढलं तर रोज कामाला जा. रोज ते ड्रॉपर देतील. रोज नाय म्हण. त्या दुसऱ्या पोरीला पण शिकव.

दमलीस की मला लिव. माझी माया हाय तिथंच हाय, तू ताठ राहा.

तुझी आजी भामा