होकाराच्या आधीच रंगलेली भिंत

१२ फेब्रुवारी
थिसिसचा गाभा सापडला! लांबलांबचे कॉम्प्युटर एकच मेमरी वाटून घेतात. दूरच्या मशीनचं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. अंदाज बांधायचा, काम पुढे रेटायचं. चुकलाच तर रोलबॅक, केलेलं सगळं मागे घ्यायचं, जणू काही घडलंच नाही. अट एकच, उत्तर पक्कं होईपर्यंत हे काम बाहेर कुणाला दिसता कामा नये. किरकोळ अट. गाईड उगाच तिच्यावर अडून बसलेत.

१६ फेब्रुवारी
बीबी गावात मुलगी पाहिली. निशिगंधा. स्वतःचं मेडिकल चालवते. माझं संशोधन तिनं शेवटपर्यंत ऐकलं. गाईडनीही आजवर ऐकलेलं नाही. वडील किसनराव म्हणाले, पोरीला विचारून कळवतो.

१९ फेब्रुवारी
निरोप नाही. सामान्य माणूस वाट पाहत बसला असता. मी होकाराची शक्यता पंचाण्णव टक्के काढली. पाच टक्के विनयापोटी सोडले. तारीख धरली. मंगल कार्यालय, बँड, आचारी, सगळं बुक.

२२ फेब्रुवारी
आईनं पेंटर बोलावून आमच्या उंद्रीच्या घराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहवून घेतलं: 'चि. हरिओम संग चि. सौ. कां. निशिगंधा'. खाली तारीख, बाजूला हत्ती. मी म्हटलं, निरोप तर येऊ दे. तर म्हणते, "तूच तं सांगून राह्यला होता, वाट पाहाची नाही म्हणून!" घरात पहिल्यांदाच कुणाला माझा थिसिस कळला. धन्य वाटलं.

२३ फेब्रुवारी
अर्जुनमामांनी भिंतीचा फोटो स्टेटसला ठेवला. त्यांची सासुरवाडी बीबीचीच. दिवसभर अभिनंदनाचे फोन. किसनरावांचा तेवढा नाही. गडबडीत असतील.

२५ फेब्रुवारी
फोन आला. निशिगंधाचाच. म्हणाली, कालच हो कळवणार होते. तेवढ्यात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाईनं तिला तिच्याच लग्नाची तारीख सांगितली. ज्याला माझ्या होकाराची गरजच नाही, त्याला तो देऊन काय करू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, घाबरू नका, रोलबॅक करतो. फोन कट.

२७ फेब्रुवारी
भिंतीला चुना दिला. वाळला की नाव पुन्हा दिसतं. आई आतल्या खोलीत रडून राहिली आहे. गाईडना कळवलं की माझा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. ते म्हणाले, हे थिसिसमध्ये घालू नका.

निशिगंधा मला खरंच आवडली होती. तिला तसं सांगितलं मात्र नाही. तिला कळलंच असेल, असं धरून चाललो होतो.