चोरओटीच्या आधी

आई, गेल्या सोमवारी सकाळी मी पूजा आटोपली, कामावर येत नसल्याचा फोन केला आणि सुनेला स्कूटरवर मागे बसवून महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिला दुसरा महिना चालू आहे. तिसऱ्यात घरच्या घरी चोरओटी भरायची आणि तोवर बाहेर शब्द काढायचा नाही, हा तुझा नियम माझी बायको अजून पाळते. दवाखान्यात नाव घालणं म्हणजे तिच्या लेखी गावभर दवंडीच. दारात उभी राहून ती म्हणाली, "अहो, सासूबाई असत्या तर तुम्हाला उंबरा ओलांडू दिला नसता." "त्या नाहीत," मी म्हणालो. तुझ्याबद्दल असं तुटक मी कधी बोललो नव्हतो. आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

दवाखान्यात खिडकीपाशी बसलेल्या सिस्टरने आधी सुनेकडे, मग माझ्याकडे पाहिलं. नवरा कुठे आहे, तिने विचारलं. ड्यूटीवर, मी म्हणालो. "आणि सासरे रजेवर. छान." पण कार्ड भरताना तिचा आवाज बदलला. बायका पोट दिसायला लागल्यावर येतात, तुम्ही वेळेवर आलात, म्हणाली. सुनेच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला तेव्हा मी संकोचाने भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि मनातल्या मनात नाम घेत राहिलो. देवाला ते चाललं असणार. देवाने दवाखान्याला कधी ना म्हटलेलं मला तरी ठाऊक नाही. ना म्हणायचीस ती तू.

बिबवेवाडीची ती भाड्याची खोली मला दिसते. मी तेविसाचा आहे, बायको एकोणिसाची. स्टोव्हवर चहा उकळतोय आणि तू सांगतेस, "चोरओटी झाल्याबिगर नाव काढायचं न्हाय. नजर लागती." आम्ही ऐकतो. चोरओटी होते, तर तू म्हणतेस, पहिलं बाळंतपण माहेरचं, नाव तिकडंच घालतील. तिच्या माहेरचे म्हणतात, सातव्यात आणू, मग बघू. सगळे एकमेकांची वाट बघतात आणि पोरीचे पाय सुजतात, डोकं दुखतं. तू म्हणतेस, दिवसांत असं व्हायचंच. सातव्या महिन्यात रिक्षात घालून तिला नेलं, तेव्हा ती वाचली. पोटातली मुलगी वाचली नाही.

तू नजरेचं कारण शोधलंस. चोरओटीच्या आधी, दुसऱ्याच महिन्यात बायको शेजारणीजवळ बोलून गेली होती, कैरी मागताना. तेच तू धरून ठेवलंस. "जीभ आवरली असती तर पोर जगली असती," असं तू तिला तोंडावर म्हणालीस, आणि मी खाली मान घालून जेवत होतो. पुढे मुलाच्या वेळी डॉक्टरांनी पहिल्यापासून बोलावलं, दर महिन्याला तपासलं, गोळ्या दिल्या. मुलगा सुखरूप झाला आणि श्रेय नवसाला गेलं. नवस मीही फेडला, मनापासून फेडला. पण गोळ्याही होत्या, आई.

कारण मुलगी गेली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हिचा रक्तदाब आधीपासून जास्त असणार. सुरुवातीलाच कोणी मोजला असता तर उपाय करता आला असता. यात हिची काही चूक नाही, हे घरी नीट सांगा.

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोट तुझ्याकडे वळलं असतं, असं मी स्वतःला समजावत आलो. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली तरी समजावतच होतो. बायको मात्र स्वतःला दोषी धरून जगली आणि आता त्याच धाकाने सुनेलाही घरात दडवत होती.

काल दुपारी ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि डॉक्टरीणबाईंचे शब्द जसे आठवत होते तसे सांगितले. तिचे हात थांबले नाहीत. निवडता निवडता ती म्हणाली, "मग त्या शेजारणीशी मी जन्मभर बोलणं का तोडलं?" मीही एक जुडी पुढे ओढली. संध्याकाळी तिने सुनेला विचारलं, पुढची तपासणी कधी आहे, मी येते.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. तुझ्यावर राग काढायला बसलो होतो, आणि तो राग खोटा नाही. पण डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते मी तुलाही कधी सांगितलं नाही. नजर लागली असंच समजून तू गेलीस. निदान तिला काल सांगितलं.