तिसऱ्या रविवारची हरकत

श्रीगोंदा, रविवार, १३ जानेवारी १९४६

शेजारच्या दीनाचं नाव आज मिशनच्या देवळात वाचलं गेलं — नगरच्या दानीएल मास्तरांबरोबर! लग्नाआधी तीन रविवार अशी जाहिरात होते. 'कुणाची हरकत असल्यास सांगावी.' पाळकसाहेबांनी चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं. मी गप्प. मी!

मंगळवार, १५

बाबांशी वाजलं. मी म्हणालो, माणूस आधी, देवळाची मंडळी नंतर. कुणी कुणाशी लग्न करायचं हे कमिटी कोण ठरवणार? बाबा भाकरी मोडत म्हणाले, "याच तत्त्वापायी कॉलेज सोडलंस. सक्तीची प्रार्थना नको, म्हणे! आता आयतं गिळतोस, ते कुठल्या तत्त्वात बसतं?"

ताटावरून उठलो.

रविवार, २०

दुसऱ्यांदा वाचलं. दीना बायकांत मान खाली घालून बसलेली. रडत होती — नक्कीच! जबरदस्ती आहे ही. तिला तोंड उघडता येत नसेल, तर तिच्या वतीनं मी बोलेन.

बुधवार, २३

वर्षभर तिच्याशी बोललो. ओट्यावर, आडावर. व्यक्तीच्या हक्कांवर, सदसद्विवेकबुद्धीवर... ती कळशी तशीच कमरेवर धरून ऐकायची. मनातलं तेवढं राहून गेलं.

रविवार, २७

उभा राहिलो. "माझी हरकत आहे! हिला कुणी विचारलेलं नाही. ही स्वतंत्र व्यक्ती आहे!"

पाळकसाहेब म्हणाले, "दीना, तूच सांग बाई."

ती उठली. आवाज जराही कापला नाही. "मास्तरांनी विचारलं मला. आईसमोर. मी हो म्हणाले." मग माझ्याकडे वळून — "तू वर्षभर बोललास, यशया. कधी विचारलंस?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

गुरुवार, ३१

नगरच्यांनी लग्न मोडलं. 'भर देवळात जिच्यावरून तमाशा झाला ती पोरगी नको.'

वाईट वाटलं. आणि आनंद झाला. देवा, क्षमा कर — आनंदच जास्त झाला!

बुधवार, २० फेब्रुवारी

आज धीर करून विचारायला गेलो. दारात तिची आई, गोजरबाई. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "न्हाई ती. मिरजेला गेली, नर्सिंग शिकाया. एकलीच. लई आडवलं मी. तूच सांगायचास न्हवं तिला — आपलं आपुन ठरवावं? ठरवलं तिनं."