पट्ट्याला अस्तर

१९ नोव्हेंबर १९३४, सोमवार

अपील फेटाळलं. वकिलाने ॲग्नेसला दारातच सांगितलं, टोपी घातली आणि निघून गेला. म्हणजे आता क्लिफला फाशी — गृहमंत्र्याने दया दाखवली तरच वाचेल. बावीस वर्षांचं पोर! गिरणीत मुकादमाशी भांडला, रागाच्या भरात हातातला पाना मारला. ज्युरीने दयेची शिफारस केलीय. पण शिफारशीने दोर तुटत नाही.

ॲग्नेस माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिच्या बाजूला तिचा एकुलता एक मुलगा नाही, माझ्या बाजूला माझा नवरा आहे. देवा, तिला कळू देऊ नकोस.

२१ नोव्हेंबर

आलंच ते तुरुंगाचं बोलावण्याचं पाकीट. सेथ बूट शिवतो, गल्लीला एवढंच माहीत. वर्षातून दोन-तीनदा ‘बोल्टनला बहिणीकडे’ जातो, तेव्हा तो तुरुंगात फाशी देणाऱ्याचा मदतनीस असतो. मुख्य माणूस हात बांधतो, डोक्यावर पांढरी टोपी चढवतो, सेथ पाय बांधतो. हे फक्त मला ठाऊक.

“नाही म्हणून कळव,” मी म्हटलं. “तेवढी मोकळीक आहे तुला.”

“हो म्हणून कळवलंय.”

मी हातातली बशी आपटली. त्याने वाकून तुकडे गोळा केले.

२३ नोव्हेंबर

दिवसभर दयेच्या अर्जावर सह्या गोळा केल्या. खाटीक हॅस्लम म्हणाला, “आणि मुकादमाच्या बायकोने कोणाच्या सह्या घ्यायच्या, बाई?” गुत्त्यात मात्र सगळ्यांनी केल्या, एका म्हाताऱ्याने तर दोनदा. मालकीणबाईने विचारलं, “तुझ्या सेथची कुठाय गं?”

म्हटलं, हात दुखतोय त्याचा.

२५ नोव्हेंबर, रविवार

चॅपलमधून आल्यापासून सेथ एका नव्या पट्ट्याला तेल चोळतोय. चोळतोय, वाकवतोय, पुन्हा चोळतोय.

“तुरुंगाच्या पेटीत असतो की पाय बांधायचा पट्टा.”

“तो कडक आहे.”

अंगाची नुसती आग झाली. याच हातांनी क्लिफचे पहिले बूट शिवले होते! मी वरच्या खोलीत निजणार आहे. त्याच्याशेजारी पडवत नाही.

२९ नोव्हेंबर

ॲग्नेस क्लिफला भेटून आली. खूश होती — खूश! “हेटी, अंग धरलंय गं त्याने. रोज अंडी, मटण, संध्याकाळी बिअरसुद्धा देतात. पहारेकरी पत्ते खेळतात आणि मुद्दाम हरतात. मधूनमधून वजनही करतात. इतकी काळजी तर मीही घेतली नव्हती.”

मी चहा ओतत राहिले, कप भरून बशीत सांडला. वजन कशाला करतात ते मला ठाऊक आहे. दोर किती सैल सोडायचा ते वजनावरून ठरतं. कमी पडला तर जीव घुसमटत जातो, जास्त झाला तर काय होतं ते मला इथे लिहवत नाही.

मग तिने क्लिफचा लहानपणचा निळा फ्लॅनेलचा सदरा काढून दाखवला. त्याला एक बाही नव्हती. विचारलं तर म्हणाली, “लागली कशाला तरी.”

१ डिसेंबर

मंत्र्याचं उत्तर आलं. हस्तक्षेप करण्याजोगं कारण दिसत नाही म्हणे.

३ डिसेंबर

सेथ दुपारच्या गाडीने गेला. मी दार अडवून उभी राहिले.

“मी नाही गेलो तर दुसरा जाईल.”

“मग जाऊ दे ना दुसऱ्याला!”

“हेटी, बाजूला हो.”

आणि मी झाले बाजूला. का झाले?

आता सेथ आणि तो मुख्य माणूस दाराच्या भोकातून क्लिफची मान, खांदे बघत असतील. त्याला फिरायला नेलं की त्याच्याच वजनाची वाळूची गोणी टांगून फळी पाडून पाहतील. त्याच्या कोठडीत एक कपाट आहे. त्यामागेच फाशीच्या खोलीचं दार आहे, हे क्लिफला सांगत नाहीत. उद्या कपाट सरकवलं की कळेल. मला इथे बसून सगळं दिसतंय आणि भिंतीपलीकडे ती भजन म्हणतेय.

४ डिसेंबर

सकाळी ॲग्नेसपाशी होते. फाशीची वेळ नऊची. नऊ वाजायला आले तशी तिने घड्याळाचा लंबक हाताने धरून ठेवला. बराच वेळ सोडला नाही. प्रेतही देत नाहीत, तुरुंगातच पुरतात.

मी निघाले तेव्हा म्हणाली, “सेथ आला की माझ्याकडे पाठव.”

कळलं तिला.

५ डिसेंबर

तिला आधीपासूनच ठाऊक होतं. सेथला बोल्टनला बहीण नाही, हे ती कधीचंच जाणून होती. अपील फेटाळलं त्याच संध्याकाळी ती त्याच्या दुकानात गेली. “बोलावणं आलं तर नाही म्हणू नकोस. परक्या माणसाने त्याचे पाय बांधायला नकोत.” काल संध्याकाळी सेथ परतला, मी त्याच्यासोबत तिच्याकडे गेले, तेव्हा त्याने आणलेला पट्टा तिने मांडीवर घेतला होता. आतून निळं फ्लॅनेल, टाके तिचे.

“मग मला का फिरू दिलंस दारोदार सह्यांसाठी?”

“एकीला तरी आशा असू दे म्हटलं, पोरी.”

सेथ तिला सांगत होता, “टोपी चढली होती. मी खाली वाकून म्हटलं, ‘क्लिफ, मी आहे रे, सेथकाका.’ त्याने आपणहून पाय जुळवले.”