भोईवाड्याचे खाते रिकामे झाले त्याची हकीकत

घोडपदेव, मुंबई
जानेवारी १९५८

चि. सौ. कमल हीस अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? हंडा कमरेतून वाकून उचलू नकोस, गुडघ्यात बसून उचल. हे मी गिरण्यांत शेकडो माणसांना शिकवते आणि ती ऐकतात; सख्खी बहीण तेवढी ऐकत नाही. शामरावांना नमस्कार सांग. (सभांत घोषणा देऊन त्यांचा घसा पुन्हा बसला असेल, तर हेही सांग की पन्नाशीच्या गृहस्थाला रस्त्यात ओरडणे शोभत नाही. संयुक्त महाराष्ट्र मलाही हवा आहे, पण मी तो बसून मागते.)

शाळेतून निवृत्त होऊन मी सुरक्षितता संस्थेची ही फिरती पत्करली तेव्हा तू रडलीस. रडण्यासारखे काही नाही. आठवड्याला एक गिरणी, पिशवीत सुरक्षिततेचे तक्ते आणि पोळीभाजीचा डबा. मुक्काम इथे रमाबाईंच्या खोलीत. त्या मला बांगडा खायला लावू पाहतात, मी त्यांना स्टोव्ह पडद्यापासून लांब ठेवायला लावू पाहते. अजून दोघींनाही यश नाही. एकूण मी मजेत आहे. फक्त फिरती कायम होण्यासाठी भोईवाड्याच्या गिरणीतल्या मॅनेजरसाहेबांचा चांगला शेरा हवा होता. नाहीतर संस्थेच्या फोर्टच्या कचेरीत पंख्याखाली बसून टाचण्या सांभाळायच्या.

तिथे विषय होता आग. घंटा झाली की साचे (गिरणीत मागांना साचे म्हणतात) बंद करून, न ढकलता, रांगेने बाहेर. माझी शिकवण्याची पद्धत तुला ठाऊक आहे: अर्धे वाक्य माझे, अर्धे वर्गाचे. मी म्हटले, "घंटा वाजली की खाते रिकामे..." आणि सगळे साचेखाते गरजले, "झालंच पाहिजे!" मला फार बरे वाटले. (रोज 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ओरडणाऱ्या माणसांनी खात्याचे लिंग ओळखून 'झालंच' म्हटले. मॅट्रिकच्या मुलींना मी हे वर्षभर शिकवीत असे.)

प्रत्यक्ष कवायतीला मॅनेजरसाहेब आणि घड्याळ घेतलेले एक तपासनीस हजर होते. घंटा झाली. मी लाल निशाण घेऊन पुढे, मागे दोन-दोनच्या रांगा, आणि शिकवल्याप्रमाणे मुखाने "झालंच पाहिजे!" फाटकापर्यंत सारे उत्तम. पण रस्त्यावरच्या लोकांनी वाक्याचे शेपूट तेवढे ऐकले आणि तोंड आपल्या मनाने लावले. समोरच्या चाळी खाली उतरल्या, शेजारची गिरणी बाहेर आली. मी मागे वळा म्हणून खूण केली, तर खात्याचा मुकादम कोंडीराम जॉबर म्हणाला, "बाई, आता मागे फिरलंव तर लोक म्हणतले, गिरणीवाले घाबारले." नाक्यावर हवालदाराने विचारले, "मोर्चा कुठं निघाला, बाई?" मी म्हटले, "मोर्चा नव्हे, रांग आहे." त्याने मान उंचावून मागे पाहिले. "लई लांब रांग हाय," म्हणाला आणि बाजूला झाला. हिंदमाता थिएटरपाशी साड्यांच्या दुकानांनी फळ्या लावल्या. मी मात्र तोंड घट्ट मिटून, निशाण सरळ धरून चालत होते.

मॅनेजरसाहेब संतापले. पण खाते इतके झटपट रिकामे झालेले आपण पाहिले नाही, असे तपासनिसांनी त्यांच्यादेखत म्हटल्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. शेरा असा: "खाते रिकामे करण्यात बाई तरबेज आहेत. परत भरण्याचेही शिक्षण द्यावे." आमच्या संस्थेने पहिले वाक्य वाचून फिरती कायम केली. पुढचा आठवडा लालबाग.

तुझी,
मीराताई

ता. क. यातले शामरावांना काही सांगू नकोस.

ता. क. सभेनंतर ते घशासाठी ज्येष्ठमधाचे चूर्ण घेतात, त्याची पुडी परतटपाली पाठव. लालबागला मला बोलायचे आहे आणि सध्या मी रमाबाईंशी खुणांनी बोलते. घसा कशाने बसला ते विचारू नकोस. दुसरे अर्धे वाक्य म्हणायला हजारो माणसे होती, कमल. पहिले अर्धे कुणीतरी म्हणायलाच हवे होते, आणि पद्धत तर माझीच.